उलट्या पिळाचं घोंगडं

दुपारची जेवणं झाली की आमच्या संग्रहालयात कुणी फिरकत नाही. केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडी आत, बंद पडलेल्या तेलघाण्याची ही शेड आम्हाला मिळाली तेव्हा तिच्या जमिनीत करडईच्या तेलाचा वास मुरलेला होता. तो अजून गेलेला नाही. पत्र्यातल्या भोकांमधून उन्हाच्या काठ्या खाली उतरतात, त्यांत लोकरीची कुसं तरंगत असतात आणि मी मागाशेजारच्या खुर्चीत बसून पेंगते. पेंगते हे उघडच सांगते, कारण आमच्या शिपायाने ते सगळ्या केडगावाला सांगून ठेवलं आहे.

वस्तू माझ्याशी बोलतात असलं काही मी म्हणणार नाही. ते सत्कार समारंभात भाषणं करणाऱ्यांनी म्हणावं. पण त्या पेंगेत वस्तू आणि माणसं एकमेकांत मिसळतात एवढं खरं. पेरणीच्या पाभरीकडे बघता बघता ती घडवणारा सुतार समोर बसून तंबाखू मळायला लागतो. माठाच्या गळ्यावरून नजर फिरते आणि कुंभारीण, तिची ओली बोटं, तिच्या अंगणातला लिंब, सगळं एका संथ चाकावर फिरू लागतं. माझं उभं आयुष्य नगर जिल्ह्यातल्या अशा हातांच्या मागे हिंडण्यात गेलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ जुनीच आहे. माहेरचे लोक मला प्रेमाने भंगारवाली म्हणतात. नोकरीला लागले तेव्हा आई म्हणाली होती, घरातला माळा आवरायचा कंटाळा आणि म्हणे जिल्ह्याचा माळा आवरणार. आईचं खरं होतं. आमच्या घरचा माळा अजून तसाच आहे.

त्या पेंगेतल्या माणसांमध्ये सर्वांत जास्त वेळा यायचे ते कर्जतकडचे एक सणगर, घोंगडी विणणारे. मी त्यांना मामा म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला मामी. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा मामा मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरून बसले होते आणि मामी ओसरीवर चरखा फिरवत होत्या. चिंचोक्याची खळ चुलीवर शिजत होती. ताण्याच्या सुताला ही खळ पाजतात, त्यामुळे नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं आणि अंगाला टोचतं. तो आंबूस, उबट वास मला तेव्हा नकोसा झाला होता. आज कुठे चिंचोका भाजल्याचा वास आला तरी माझे पाय थांबतात.

मामी डावऱ्या होत्या. चरखा उजव्या हाताने फिरवायचा ही जगाची रीत. मामी डाव्याने फिरवायच्या, म्हणून त्यांच्या सुताला पीळ उलटा पडायचा. असलं सूत इतरांच्या सुतात मिसळलं की घोंगडं एका अंगाला आखडतं, कितीही झटकलं तरी सरळ पडत नाही. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगून बायकोला चिडवत.

"समद्या गावाचं सूत एकीकडं आन् आमच्या हिचं एकीकडं. मागावर बी भांडतीया!"

"मग नगा विनू," मामी चरखा न थांबवता म्हणायच्या. "म्या काय पाया पडाय आलीया?"

पण मामांनी ते सूत कधी टाकलं नाही. एका डालग्यात वेगळं साठवत राहिले. कोकरांची पहिली कातरणी होते तेव्हा निघणाऱ्या लोकरीला, माणसाच्या लेकराच्या केसांना म्हणतात तसंच, जावळ म्हणतात. काळ्याभोर कोकरांचं असं जावळ मामींनी सवड मिळेल तसं कातलं आणि पुरेसं सूत जमल्यावर मामांनी त्याचं एक घोंगडं विणलं. उभा ताणाही मामींचा, आडवा बाणाही मामींचा. सगळाच पीळ उलटा असल्यामुळे ते कुठेच आखडलं नाही. पाण्यासारखं सपाट पसरलं. मामी त्यावर हात फिरवून म्हणाल्या, "आता कुनाशी भांडती?"

पुढे मामी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मामा ते घोंगडं खांद्यावर टाकून यष्टीने केडगावला आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घरात ऱ्हायलं तर पोरं पोत्यासारखं वापरतील. हितं ठिवा. पन ताई, मी येईन तवा मला हात लावू द्यायचा."

तसं ठरलं. दरवर्षी थंडी पडायला लागली की मामा यायचे. मी लोखंडी कपाट उघडायची. मामा घोंगड्याच्या मधोमध कुठेतरी एक धागा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा हलकेच सरकवायचे. उलटा पीळ लागला की म्हणायचे, "हाय." एवढंच. मी तेव्हा खिडकीबाहेर बघायची. नवरा-बायकोच्या मधे उभं राहिल्यासारखं वाटायचं मला.

मग कपाटात कसर शिरली. कसर म्हणजे लोकर खाणारा किडा, आम्हा संग्रहालयवाल्यांचा जन्माचा वैरी. डांबरगोळ्या झाल्या, कडुलिंबाचा पाला झाला, ऊन दाखवून झालं. इतर घोंगड्यांना चाळणीसारखी भोकं पडायला लागली. मामांना विचारलं तर ते हसले. "पांघरल्या घोंगड्याला कसर लागत न्हाई. घडीला लागती."

मी ते कार्यकारी मंडळापुढे मांडलं. संग्रहातली घोंगडी थंडीपुरती मेंढपाळांच्या घरी पांघरायला द्यायची आणि मृगाच्या आधी परत आणायची. "उद्या पाभरीनं पेरा म्हणाल," एक सभासद म्हणाले. मी म्हटलं, म्हणेन. आमचे अध्यक्ष मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर, फार शांत माणूस. त्यांनी भोकं पडलेलं एक घोंगडं उजेडात धरलं, त्यातून सभासदांकडे पाहिलं आणि ठराव झाला.

मामींचं घोंगडं मी मागे ठेवणार होते. मामांनीच मला झापलं. "द्या की. तिनं काय कपाटाला पांघराय कातलं व्हय? फकस्त परत आलं पायजे. मला हात लावाय."

पहिल्या वर्षी ते परत आलं. कर्जतजवळच्या एका धनगर कुटुंबाकडे होतं. धुराचा, दुधाचा, रानातल्या दवाचा वास घेऊन आलं आणि कसरीचं नावसुद्धा नव्हतं. मी त्यात तोंड खुपसून बराच वेळ उभी होते. शिपायाने तेही केडगावाला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी मात्र घोंगड्याऐवजी त्या कुटुंबाचा कर्ता स्वतःच आला. काखेत काळं कोकरू. फेटा सावरत, खाली बघत म्हणाला, "बाई, चूक झाली. हे बदली घ्या."

चूक अशी की त्याच्या मुलीचं लग्न होतं. त्यांच्या भावकीत नवरा-नवरीला घोंगड्यावर बसवतात. त्यावर आधी तांदळाचा चौक भरतात, देवाला तिथे बोलावतात आणि मग ते घोंगडं नवरीचं होतं. ती जिथे नांदेल तिथे ते जातं. परत मागितलं तर लग्नालाच दृष्ट लागल्यासारखं. घरात नवंकोरं घोंगडं आणून ठेवलेलं होतं. पण ऐन वेळी म्हातारी आत्या म्हणाली, देवाला बसायला नवं टोचरं कशाला, ते जावळाचं आणा. आणलं. चौक भरला. अक्षता पडल्या. आणि हळद उतरल्यावर कुणाला तरी आठवलं की हे केडगावचं.

त्याच्यावर रागवायला मी तोंड उघडलं होतं. पण माणूस इतका कानकोंडा झाला होता की मी त्याला आधी पाणी दिलं. कोकराने तेवढ्यात मांडणीतला शिंदीचा झाडू अर्धा फस्त केला. तातडीने मंडळ जमलं. पोलिसांत जावं, असंही एकाने सुचवलं. अध्यक्ष कोकराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हरवलेलं मेंढरू शोधायला जायचं, एवढं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. पण कुणी मेंढरू आणून दिलं तर काय करायचं, ते शास्त्रात नाही." सगळे हसले. कोकरू संध्याकाळच्या गाडीने मालकासोबत परत गेलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. पुढची थंडी पडली की मामा येणार होते.

मामा आले नाहीत, फोन आला. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, गुडघेही बसले होते. सुनेने फोन कानाला धरला असावा, मागे तिचा आवाज येत होता. "ताई, औंदा काय माझं येनं हुत न्हाई. तुमीच आना. आता दिसत तर न्हाईच, हातानं तेवढं बघतो. एकदा बघतो."

मी म्हटलं, "आणते मामा." घोंगडं कुठे आहे हे सांगितलं नाही.

त्या धनगराच्या मुलीच्या सासरचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, त्या दिवसांत देवळाली प्रवराच्या बाजूला पडला होता. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीचं खत मिळतं. मी भल्या सकाळी तिथे पोचले. धुकं इतकं की रान संपून कालवा कुठे सुरू होतो ते कळेना. साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबलेला वास त्या धुक्यात भिजून बसला होता. आधी नुसत्या घंटा ऐकू आल्या. मग धुक्याचाच एक तुकडा हलला आणि त्याचं मेंढरू झालं, त्यामागे दुसरं, मग शेकडो. मी बांधावर उभी होते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी ती मऊ, उबदार, खोकणारी नदी वाहत गेली. कितीतरी वेळ मी कशासाठी आले आहे हेच विसरले. माझ्या हातात एक नवं घोंगडं होतं. बदली म्हणून आणलेलं. म्हणजे मीही शेवटी कोकरू घेऊनच निघाले होते.

मुलगी तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती. फार तर विशीची. पाठीवर मामींचं घोंगडं, त्याच्या खोळीत तान्हं मूल. घोंगडं द्यायला मी तिच्या माहेरी गेले होते, तिने मला ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम मिटला. दोन्ही हातांनी तिने घोंगड्याची टोकं छातीशी घट्ट धरली. मी काय मागायला आले आहे ते तिला कळलं होतं.

मी मागितलं नाही. चुलीजवळ बसले आणि तिला मामींची गोष्ट सांगितली. डावा हात, उलटा पीळ, भांडण, डालगं, सगळं. आणि कर्जतला एक आंधळा माणूस वाट बघतो आहे, हेही. चहा उतू गेला तरी तिने तिकडे पाहिलं नाही.

"देता तर यायचं न्हाई मावशी," ती शेवटी म्हणाली. "द्येव बसलाय त्याच्याव. आन् माझ्याबिगर हे हलवायचं बी न्हाई, सासूबाईंनी बजावलंय. मी मेंढरं सोडून कुटं येऊ? पन मिरगाच्या आधी आमी माघारी फिरतो. कर्जतवरनंच वाट हाय. त्यांच्या दारात आनते. तवर त्यास्नी दम धराय सांगा."

नवं घोंगडं मी तिच्या सासूला देऊन आले. परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं, माणूस आणि वस्तू यांच्यात मी कुणाच्या बाजूची? तीस वर्षं या कामात काढूनही मला त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

मग उन्हाळा. कर्जतचा उन्हाळा म्हणजे दिवस हलतच नाही. मामांना मी फोनवर सगळं सांगून टाकलं. लग्नाचं ऐकून ते म्हणाले, "चौक भरला का? भरला आसंल तर मग गेलंच ते." पुढच्या फोनला त्यांनी विचारलं, मेंढरं कुठवर आली. मग तोच प्रश्न रोजचा झाला. कधी त्यांना ताप असे, कधी जेवण जात नसे. सून म्हणायची, "ताई, कायतरी सांगा, मग दोन घास खात्यात." मी मुलीच्या नवऱ्याच्या मोबाईलवर विचारायची आणि कळवायची. राहुरी सोडली. नगरच्या बाहेरून गेली. मांडवगणच्या पुढे आली. मी इकडे खुर्चीत पेंगायची आणि डोळ्यांपुढे तीच एक काळी रेघ रखरखीत माळावरून हळूहळू दक्षिणेला सरकत असायची. ती पोचायच्या आधीच मामा जातील, ही एकच भीती. मी देवाधर्मातली नव्हे. पण त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी हात जोडले, हे खरं आहे.

कळप आला तेव्हा मी आदल्या दिवसापासून मामांच्या घरी होते. सकाळची वेळ. रस्त्यावर धूळ उठली, घंटा वाजायला लागल्या आणि बाजेवर पडलेले मामा कुणी न सांगता उठून बसले. सुनेने पाठीला उशी दिली. मुलगी ओसरीवर आली, मूल नवऱ्याकडे दिलं, घोंगडं सोडलं आणि मामांच्या मांडीवर पसरलं. "घ्या आज्जा," म्हणाली. "बघा तुमचं."

मामांनी डोळे मिटले. ते तसेही मिटलेलेच होते, तरी मिटले. अंगठा आणि बोट घोंगड्यात रुतवलं. सरकवलं. थांबले. दुसरीकडे धरलं. तिसरीकडे. त्यांच्या कपाळाला घाम आला. हात घोंगड्यावर भराभर फिरायला लागला, अंधारात काही पडलं की आपण चाचपतो तसा.

"हे ते न्हाई," ते म्हणाले.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "तेच हाय आज्जा. देवाशपथ."

"न्हाई. हिचं सूत मला कळत न्हाई व्हय?"

तेच होतं. मी खाली वाकून हात लावला आणि माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांचं ऊन, दव, पाऊस, अंगाची ऊब, लेकराचं मूत. लोकर लोकरीत मिसळून घोंगड्याचा नमदा झाला होता. सगळे धागे एकमेकांत विरघळले होते. मखमलीसारखं मऊ झालं होतं ते. पण त्यात धागा असा वेगळा हाताला लागतच नव्हता, मग पीळ कुठून लागणार? मामा बाजेवर बसून अजून चाचपत होते आणि मला वाटलं, उन्हाळाभर मी यांना ह्यासाठी जगवलं?

माझा हात घोंगड्याच्या काठावरून उगाच फिरत होता. कोपऱ्यात, खालच्या अंगाला, बोटांना जाड कापड लागलं. संग्रहातल्या प्रत्येक कापडाला आम्ही क्रमांकाची पट्टी शिवतो. चार बोटांची मांजरपाटाची पट्टी, चारी बाजूंनी बारीक टाके. मीच घातले होते. मी सुनेकडून कात्री मागून घेतली आणि एकेक टाका उसवला. पट्टी निघाली. तिच्याखाली चार बोटं जागा अगदी मागावरून उतरल्यासारखी होती. काळी, ताठ, खळीने कडक, धागा न् धागा वेगळा.

मी मामांचा अंगठा धरून तिथे ठेवला.

अंगठा एकदाच सरकला. मामांचा चेहरा सैल झाला. "हाय," ते म्हणाले. मग पुन्हा, "हाय गं. हितं हाय." आणि ते मोठ्याने रडायला लागले. म्हातारा माणूस असा रडताना मी पाहिलेला नव्हता. मीही रडले. मुलगीही. तिचा नवरा मुलाला घेऊन गोठ्याकडे बघत उभा राहिला.

कळप पुढे निघाला होता, तिला जायला हवं होतं. मी पिशवीतून सुईदोरा काढला. हे माझ्या हातांना आपोआप येतं. म्हटलं, "पट्टी परत शिवून देते. क्रमांक नको, कोरं कापड लावते. म्हणजे एवढी जागा तरी राहील." 

मामांनी चाचपत माझं मनगट पकडलं. "नगं ताई."

"मामा, मग हीही जाईल. वर्षभरात नमदा होईल."

"हू दे. झाकून किती दिस ठिवायची तिला? घासू दे आता. लेकराच्या अंगाला लागू दे."

मी सुई तशीच धरून बसले. आयुष्यभर मी जे केलं त्याच्या नेमकं उलट मला कुणीतरी सांगत होतं आणि मला वादच घालावासा वाटत नव्हता. मुलीने मूल घेतलं, घोंगड्यात गुंडाळलं. तो कोपरा नेमका त्याच्या गालाखाली आला. लेकराने तोंड वेडंवाकडं केलं, मान झटकली आणि भोकाड पसरलं.

"टोचलं वाटतं," मुलगी ओशाळून म्हणाली.

मामा रडता रडता हसायला लागले. "टोचनारच! आवो, ती कदी कुनाला सरळ बोलली व्हती?"